मास्तरांचे अर्धे केस

“डाव्या हाताला बसा, ताई. वाढायचं डावीकडून, बोलायचं डावीकडून, भांडायचं असेल तर तेही डावीकडूनच. उजवीकडून सोपं जातं म्हणून तिकडे सरकू नका. ती बाजू अजून आहे, हे त्यांच्या मेंदूला रोज सांगावं लागणार आहे.”

हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टरनी हे सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. यांच्या डोक्याची पट्टी सोडवत होत्या. मी मान हलवली. तेव्हा वाटलं, एवढंच ना? एका बाजूला बसायचं. त्यात काय मोठंसं.

यांचं केस कापायचं दुकान होतं. एक आरसा, एक फिरती खुर्ची, आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. एके दिवशी बल्ब गेला, तर शेजारच्या दुकानातून शिडी आणायचा कंटाळा करून हे त्या फिरत्या खुर्चीवर चढले. आयुष्यभर गिऱ्हाइकांना “हलू नका” म्हणत आलेला माणूस स्वतः हलला. डोकं आरशाखालच्या दगडी फळीवर आपटलं. मार उजव्या बाजूला लागला आणि जग डाव्या बाजूचं गेलं.

डोळे शाबूत आहेत. डॉक्टरांनी दहा वेळा तपासून सांगितलं, दृष्टीत दोष नाही. डोळे बघतात, पण डावीकडचं बघितलेलं मेंदू मनावर घेत नाही. ताट वाढलं की हे उजवीकडचं सगळं संपवतात आणि म्हणतात, “आज एवढंच?” मी ताट फिरवते. मग यांना वाटतं, हिने पुन्हा वाढलं. दाढी करतात ती अर्ध्या चेहऱ्याची. सदऱ्याची उजवी बाही घालतात आणि डावी पाठीवर लोंबत ठेवून चहा मागतात. दाराच्या डाव्या चौकटीने यांच्या खांद्याला किती वेळा ओरखडलं असेल, ते तिलाच ठाऊक. डाव्या हातात थोडी ताकद कमी आहे, पण हात आहे. त्याची आठवण करून दिली की तो कामाला येतो, आणि आठवण संपली की मांडीवर पडून राहतो.

आणि हे सगळं होऊन यांचं म्हणणं एकच. “मला काय धाड भरलीये?” घरात यांना काय झालंय हे सगळ्यांना माहीत होतं, एक हे सोडून.

माझा लग्नाआधीपासूनचा नेम आहे. सकाळी आंघोळ करून दिवा लावायचा, माळ घेऊन बसायचं आणि जप पूर्ण होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आता सासरी असलेली आमची मुलगी लहान असतानाही तो मोडला नव्हता, तिला पाळण्यातच कळलं होतं की आई आत्ता बोलणार नाही. यांच्या अपघातानंतर मात्र तो रोज मोडायला लागला. न्हाणीघरातून काही पडल्याचा आवाज येतो. “अगं” अशी हाक येते, तीही अशी की बाहीत गळा अडकलाय की खरंच जीव गुदमरतोय, हे कळायला मार्ग नसतो. मी उठते, धावते, बोलते, आणि परत येऊन पहिल्या मण्यापासून सुरू करते. देव काही म्हणत नाही. तो काही म्हणत नाही, याचंही कधीकधी वाईट वाटतं.

नणंदबाई वरच्या मजल्यावर राहतात. रोज खाली डोकावतात आणि म्हणतात, “वहिनी, तुमच्यासारखी सोशिक बाई मी पाहिली नाही हो.” अशी स्तुती ऐकली की समजावं, मदत येणार नाही.

एकदा तपासणीला गेले तेव्हा मी सिस्टरसमोर उभ्याउभ्या पेंगले. भिंतीला टेकले होते, घसरले, त्यांनी दंड धरला. “बुधवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जा,” त्या म्हणाल्या. “असे बरेच जण जमतात तिथे. यांना घेऊन जा. यांच्यासाठी म्हणत नाहीये मी.”

गेले. खोली म्हणजे वाचनालयाची अडगळच होती. फाटक्या मासिकांचे गठ्ठे, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. दारात एक आडदांड माणूस टोपी घालून उभा होता. ते ड्रायव्हरदादा. पूर्वी बस चालवायचे. अपघातानंतर त्यांना सगळं कळतं, फक्त शब्द वेळेवर येत नाहीत. जुन्या नळासारखं, आधी नुसती हवा, मग घरघर, मग एकदम धार. ते खोली उघडायचे, खुर्च्या मांडायचे, आणि सगळ्यांना समजून होतं की त्यांचं वाक्य दुसऱ्या कुणी पूर्ण करायचं नाही.

“या,” ते म्हणाले. मग बराच वेळ ओठ हलले. “बसा... वहिनी... बाहेर.”

मला वाटलं, हाकलताहेत. तर तसं नव्हतं. खोलीबाहेरच्या बोळात एक लांब बाक होता आणि त्यावर माझ्यासारख्या बसल्या होत्या. कुणाचा नवरा आत, कुणाचा मुलगा, कुणाचे वडील. त्या सरकल्या. कुणी विचारलं नाही की कसं झालं, कुणी म्हटलं नाही की जीव वाचला हेच नशीब समजा. एकीने नुसतं विचारलं, “रात्री झोपता का?” मी “हो” म्हणायला तोंड उघडलं, आणि पुढचं आठवतं ते एवढंच की जाग आली तेव्हा उन्हं बोळाच्या दुसऱ्या भिंतीवर गेली होती, आणि माझ्या डोक्याखाली कुणाची तरी कापडी पिशवी होती.

त्यानंतर बुधवार चुकवला नाही. आत हे काय करतात मी विचारायची नाही. बाकावर बसायची आणि झोपायची. घरी अंग टेकलं तरी कान जागे राहतात. तिथे कान झोपायचे, कारण काही पडलं तर ऐकायला आणखी पाच-सहा जोड्या कान होते. मी एक दिवस देवापुढे बसून खरं तेच म्हटलं, “बाकीचे दिवस तू घे, हा एक मला दे. एवढा गेला तर मी टिकायची नाही.”

आतल्या लोकांत यांचं मेतकूट जमलं ते मास्तरांशी. मास्तर भूगोल शिकवायचे. जगातल्या नद्या, राजधान्या सगळं तोंडपाठ, पण आत्ता झालेलं बोलणं खोलीबाहेर पाऊल टाकेपर्यंत पुसून जायचं. दर बुधवारी ते यांच्यापुढे हात जोडून उभे राहायचे.

“नमस्कार. आपण नवीन?”

“हो, आजच आलो,” हेही दर बुधवारी सांगायचे. यांना त्याची मोठी गंमत वाटायची. घरी येऊन म्हणायचे, “बिचारा मास्तर. त्याला काही आठवत नाही.” आणि हे म्हणताना डावी चप्पल बाहेरच राहिलेली असायची.

मग ड्रायव्हरदादांना कळलं की हे केस कापतात. त्यांनी टोपी काढली. कानामागून टाळूपर्यंत टाक्यांची मोठी वळवळती खूण होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना केस वाढून रान झालेलं.

“दुकानात... विचारतात,” ते म्हणाले. आम्ही थांबलो. “सगळे. काय झालं... कसं झालं.” पुन्हा थांबलो. “उस्ताद, तुम्ही... कापाल?”

यांचा चेहरा मी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ओळखला. पुढच्या बुधवारी यांनी आपली पेटी आणली. मी डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसले. कात्री उजव्या हातात बरोबर चालत होती, फणी धरलेला डावा हात मधूनच गळायचा. मी म्हणायची, “हात.” हात वर यायचा. “इकडे अजून आहे,” म्हणायची. हे मान वळवून शोधायचे आणि म्हणायचे, “दिसतंय मला, घाई कसली?” खुणेजवळ आले तेव्हा मी गप्प बसले. तिथले केस यांनी असे काही कापले की वरचे खाली टेकले आणि खूण झाकली गेली. खोलीत आरसा नव्हता. ड्रायव्हरदादांनी हात फिरवून पाहिला, आणि टोपी घातली नाही, खिशात कोंबली.

त्यानंतरच्या बुधवारी मी बाकावर झोपले असताना मास्तर यांच्यासमोर जाऊन बसले.

पुढचं मला नंतर कळलं, तुकड्यातुकड्याने. यांनी मास्तरांचे केस मन लावून कापले, उजव्या बाजूचे. मानेवरचा टॉवेल झटकला आणि म्हणाले, “झालं, मास्तर.” मास्तरांना सुरू कधी झालं तेच आठवत नव्हतं, त्यामुळे झालं म्हणजे झालंच असणार. त्यांनी आभार मानले, कानटोपी चढवली आणि मुलीबरोबर निघाले. ड्रायव्हरदादा समोरच बसले होते. त्यांनी पहिल्यापासून पाहिलं. ते उठून उभे राहिले, हात वर केला, “अ... अ...” करत राहिले. शब्द आला तेव्हा मास्तर रस्त्याच्या टोकाला पोहोचले होते.

“अर्धे!” ड्रायव्हरदादा रिकाम्या खुर्चीला म्हणाले.

संध्याकाळी मास्तरांच्या मुलीचा फोन आला. ती बँकेत नोकरी करते, एकटी वडिलांचं सगळं बघते. “काकू, बाबांची चेष्टा कोणी केली? बसस्टॉपवर टोपी काढली त्यांनी. लोक हसत होते, आणि त्यांना कळेना का हसताहेत, तर तेही हसत होते.”

मी सांगितलं कुणी चेष्टा केलेली नाही. तिने फोटो पाठवला. मी फोन यांच्या हातात दिला. डावीकडून.

हे बराच वेळ बघत राहिले. समोरून काढलेल्या फोटोत मास्तरांची न कापलेली बाजू यांच्या उजव्या हाताला येत होती.

“कापलेच नाहीयेत की हे,” हे म्हणाले. “मी कापल्यानंतरचा फोटो नाही हा. जुना आहे. तिला सांग.”

“अहो, आजचाच आहे.”

“आंधळा आहे का मी? एक केस कापलेला नाही याचा!”

मला वाद घालायचा नव्हता. मला त्या क्षणी फक्त बसायचं होतं. ताट फिरवावं तसा मी त्यांच्या हातातला फोन उलटा केला. मास्तर डोक्यावर उभे राहिले, आणि कापलेली बाजू उजवीकडे आली.

यांनी फोन सरळ केला. परत उलटा केला. असं किती वेळा केलं, मी मोजलं नाही. मग फोन खाली ठेवून आपला डावा हात उजव्या हाताने उचलला आणि समोर धरून पाहिला, दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून घरी आल्यासारखा.

“जेवताना पण असंच होतं?” यांनी विचारलं.

“हो.”

“दाढी?”

“हो.”

“आणि तू सांगितलं नाहीस.”

मी रोज सांगत होते. पण ते आत्ता म्हणण्यात काही राम नव्हता. इतके महिने मी वाट बघत होते की यांना एकदा कळावं, म्हणजे माझं ओझं थोडं हलकं होईल. कळलं, आणि ते खांदे पाडून बसलेले बघून वाटलं, नसतं कळलं तर बरं होतं.

यांनी पेटी कपाटावर टाकली. “मी बुधवारी येणार नाही.”

“अहो, पण...”

“येणार नाही म्हटलं ना. दुसऱ्याचं डोकं म्हणजे काय खेळणं आहे?”

बुधवार आला. हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. नणंदबाई खाली आल्या. “बरंच झालं, दादा. चार मोडकी माणसं एकत्र बसून काय मिळतं? घरात आराम करावा.” मग माझ्याकडे वळून, “तुम्हालाही उन्हातान्हाची धावपळ नको, वहिनी.”

माझ्या डोळ्यांसमोर तो बाक आला. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून डोळे मिटले. लगेच आतून आवाज आला, पाण्याचा तांब्या पडला होता. डावीकडचा.

त्याच संध्याकाळी दार वाजलं. दारात ड्रायव्हरदादा होते, त्यांच्या मागे मास्तरांची मुलगी, आणि तिचा हात धरून कानटोपीतले मास्तर.

मास्तरांनी आत येऊन हात जोडले. “नमस्कार. आपण नवीन?”

आमच्याच घरात. हे उठून बसले, पण हसले नाहीत.

“मी चिडले होते तेव्हा, काकू,” मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली. “पण आता वेगळाच घोटाळा झालाय. दोन दुकानांत नेलं यांना. न्हावी कात्री घ्यायला वळला की हे खुर्चीतून उठून बाहेर. रविवारी यांच्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांनी बोलावलंय. अशा डोक्याने कशी नेऊ?”

तेवढ्यात मास्तरांना भिंतीवरचा आरसा दिसला. त्यांनी टोपी काढली. एका बाजूला बारीक, नेटके केस, दुसऱ्या बाजूला कानावर आलेलं जंगल.

“अरेच्चा! हे अर्धवट कुणी सोडलं?”

“रोज असंच विचारतात,” मुलगी पुटपुटली.

ड्रायव्हरदादांचे ओठ हलायला लागले होते, पण यांनीच मान वर केली. “मी,” हे म्हणाले. “मला ती बाजू दिसत नाही.”

हे वाक्य या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं. जिन्यात नणंदबाई उभ्या होत्या, त्या आल्या पावली वर गेल्या.

मास्तर यांच्याकडे निरखून बघत राहिले. वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसं. “म्हणजे गृहपाठ अर्धाच केलात,” ते म्हणाले. “मग पूर्ण तुम्हीच करायचा. दुसऱ्याकडून पूर्ण करून आणलेली वही मी तपासत नसतो.”

“मास्तर, कान कापला जाईल एखादा.”

“दोन आहेत.”

ड्रायव्हरदादा सगळ्यात आधी हसले. त्यांना हसायला शब्द लागत नाहीत. मग मुलगी हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. हे मात्र आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

“आज नको,” हे म्हणाले. “आज हात ऐकायचा नाही. रविवारी सकाळी तुमच्या घरी येतो. शब्द देतो.”

“मी विसरेन हं,” मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

“मी नाही विसरणार.”

“मी येते ना यांच्याबरोबर,” मी म्हणाले. तोंडातून गेलं. नेहमी जातं तसं. मास्तरांचं घर मागच्याच गल्लीत, पण यांना एकट्याने कसं सोडणार? डावीकडून कोणतं वाहन आलं तर यांच्या लेखी ते आलंच नाही. म्हणजे रविवारी जप लवकर उरकायचा, नाहीतर मध्येच सोडायचा. मनातल्या मनात मी देवाला तसं सांगूनही टाकलं.

जाताना ड्रायव्हरदादा दारात रेंगाळले. हे त्यांच्याशी बाहेर काहीतरी बोलत उभे राहिले. मी कप उचलत होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही, आणि ऐकायला जायचं त्राणही नव्हतं.

रविवारी मी नेहमीपेक्षा आधी उठले, पण अंग जड होतं. दिवा लावला, माळ घेतली. आत यांची खुडबूड चालू होती. कपाटावरून पेटी उतरवल्याचा आवाज आला. मी ओठ घट्ट मिटले आणि कान तिकडे लावून मणी ओढत राहिले, असा जप काय कामाचा. काहीतरी धडपडलं. मी उठायला गुडघा टेकला.

“उठू नकोस,” हे दारातून म्हणाले.

मी वळून पाहिलं. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या अंगात होत्या. बटणं एक घर चुकली होती. डाव्या गालावर दाढीचा एक पट्टा राहिला होता, पण बाकी गाल झालेला होता, आणि जबड्याशी जिथे कापलं होतं तिथे कागदाचा कपटा चिकटवलेला होता.

“तू बस. तुझं मध्ये तोडू नकोस.” यांनी पेटी उजव्या हातात घेतली, मग थांबून मुद्दाम डाव्या हातात दिली आणि हाताकडे बघून खात्री केली. “मी ड्रायव्हरदादाला बोलावलंय. तो डाव्या अंगाने चालेल. तिथे मास्तरांची मुलगी डावीकडे बसेल, तिला सांगितलंय काय काय म्हणत राहायचं ते. हात म्हण, इकडे अजून आहे म्हण.”

मी बोलणार नव्हते. यांना ते माहीत होतं, तरी सवयीने हे उत्तरासाठी थांबले. माझ्या तोंडात कितीतरी सूचना येऊन उभ्या होत्या. कोपऱ्यावर खड्डा आहे. कानाजवळ कात्री नको, मशीन घ्या. सावकाश जा. बटणं तरी नीट लावून घ्या. मी त्यातली एकही बाहेर येऊ दिली नाही. ते नेमाखातर होतं की नुसत्या थकव्याने, देव जाणे.

“बुधवारी आपण जाऊ,” हे म्हणाले. “तू झोप तिकडे. मी त्या बाकावर तुला बघितलंय.”

मी परत मांडी घालून बसले. खिडकीतून फाटकापाशी ड्रायव्हरदादा दिसले, बोडक्या डोक्याचे. यांना बघून त्यांनी काही म्हणायचा प्रयत्न केला नाही. नुसते फाटक धरून उभे राहिले, आणि हे बाहेर आल्यावर वळसा घालून यांच्या डाव्या हाताला गेले.

मणी कुठवर आला होता ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मी पहिल्यापासून धरलं. बाहेर दोघांच्या चपलांचा आवाज गल्लीच्या कडेकडेने, न बोलता, मास्तरांच्या घराकडे जायला लागला.